रॉक गाण्यासाठी स्टेजचा माईक कोणता घ्यावा? (ठाणे, बजेट १५ हजार)

घसाफोड

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आमचा चौघांचा बँड आहे. गिटार, बेस, ड्रम्स आणि गायला मी. गाणी बहुतेक आमचीच, मराठी, मधूनमधून हार्ड रॉकची कव्हर्स. सराव वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात. कार्यक्रम म्हणजे कॉलेजची फेस्टिव्हल्स, सोसायट्यांचे गणपती आणि घोडबंदर रोडवरचे एकदोन पब. आजवर जागेवर जो माईक हातात देतील त्यावर गायले. जाळी चेपलेली, आतला स्पंज कुणाकुणाच्या थुंकीने कडक झालेला, आणि वासाबद्दल न बोललेलं बरं. आता स्वतःचा घ्यायचाय. वायरवालाच हवा. बजेट १५ हजार, खरंच फरक पडणार असेल तर थोडं ताणेन.

अडचण अशी की मला स्टेजवर माझाच आवाज ऐकू येत नाही. वाढवायला सांगितलं की माईक शिट्टी मारतो. मागच्या कार्यक्रमाचं मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर माझ्या चॅनलवर माझ्यापेक्षा झांजाच जास्त!

शूर कंपनीचे एसएम५८ आणि बीटा ५८ए, सेनहायझरचे ई९३५ आणि ई९४५ एवढी नावं जमवलीत. एका मित्राचं म्हणणं, थेट कंडेन्सरच (बारीकसारीक आवाज पकडणारा नाजूक प्रकार) घे. आमच्या नेहमीच्या साऊंडवाल्याचं म्हणणं, "मॅडम, सगळे सारखेच असतात." जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तलावपाळी

एसएम५८. धागा संपला. (दिवे घ्या.)

निवांत_नौपाडा

तलावपाळी, +१. १९६६ पासून तोच माईक चालू आहे, काहीतरी असेलच ना त्यात. पडला, आपटला, बिअर सांडली, तरी गातो. द हूचा रॉजर डाल्ट्री तर वायर टेपने गुंडाळून माईक गोफणीसारखा फिरवायचा. रच्याकने, यातलं 'एसएम' म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन. स्टुडिओसाठी केला आणि गाजला स्टेजवर.

मिक्सरमागचा

५८ वाईट नाहीच. मी स्वतः पेटीत चार बाळगून असतो. पण घसाफोड यांची तक्रार 'आवाज चांगला येत नाही' अशी नाहीये, 'नको ते आवाज येतात' अशी आहे. तेव्हा ब्रँड जरा बाजूला ठेवू आणि आधी तीन गोष्टी विचारतो.

मॉनिटर (तुमचा आवाज तुम्हालाच ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) कुठे असतो? समोर मधोमध की बाजूला?

माईक हातात धरता की स्टँडवर? हातात असेल तर आडवा की तिरका, तोंड वर करून?

ड्रमर नेमका कुठे बसतो?

झांजवाला

आलं परत आमच्यावर! गायकाला ऐकू आलं नाही की खापर झांजांवर. गिटारवाल्याचा ॲम्प ११ वर असतो त्याचं काय?

घसाफोड

@झांजवाला, तुम्ही आमच्याच बँडमधले नाही ना? शंका येतेय.

@मिक्सरमागचा, मॉनिटर बहुतेक एकच मिळतो, समोर मधोमध, जमिनीवर. माईक हातातच असतो. आडवा धरते, कोपर वर. स्क्रीम करताना जाळी मुठीत घेते, त्याशिवाय तो भरदार आवाज येत नाही. ड्रमर बरोब्बर माझ्या पाठीमागे. पबचं स्टेज एवढंसं आहे की मागे हात नेला तर झांजेला लागेल.

मिक्सरमागचा

वाटलंच होतं. आता जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

सगळ्यांना वाटतं की माईक 'मागचं ऐकत नाही', म्हणजे मागे बसलेला ड्रमर गाळला जाईल. पण माईकची पाठ प्रेक्षकांकडे असते. त्याचं तोंड तुमच्याकडे, आणि म्हणून तुमच्या पाठीमागच्या ड्रमकडेही. ड्रमर बरोब्बर मागे म्हणजे तो माईकच्या थेट नजरेत. कितीही महाग माईक आणा, त्या रेषेतल्या झांजा तो ऐकणारच. मध्ये तुमचं डोकं आहे तेवढाच काय तो आडोसा.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही फुकट. पहिला, ड्रमच्या रेषेतून पाऊलभर तरी डावी-उजवीकडे सरका, म्हणजे झांजा माईकच्या तोंडासमोरून निघून कडेला जातील. दुसरा, ओठ जाळीला लावून गा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. २ सेंटिमीटरवरून ८ वर गेलात की जवळपास १२ डेसिबल गेले. झांजा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, कारण त्यांच्या अंतरात काहीच फरक पडला नाही. साऊंडवाला बिचारा तुमच्यासाठी गेन (मिक्सरवर माईकचा आवाज मोठा करणारा नॉब) वाढवतो आणि सोबत झांजाही वाढतात. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलंत ते हेच.

आता मॉनिटर. त्यातला आवाज परत माईकमध्ये शिरून फिरत राहिला की शिट्टी वाजते. इथे माईकचा पॅटर्न, म्हणजे तो कुठल्या दिशेचं किती ऐकतो ते, खरा कामाला येतो.

५८ आणि ई९३५ हे कार्डिऑइड. यांना सगळ्यात कमी ऐकू येतं ते अगदी पाठीमागून, १८० अंशावर. बीटा ५८ए आणि ई९४५ सुपरकार्डिऑइड. हे समोरून जास्त अरुंद ऐकतात, कडेचं जास्त गाळतात, पण अगदी पाठीमागे त्यांना थोडं ऐकू येतं. त्यांची बहिरी जागा साधारण १२६ अंशावर, आणि ती फक्त डावी-उजवीकडे नाही, सगळ्या बाजूंनी शंकूसारखी. म्हणजे खालच्या बाजूलाही.

हिशोब करून बघा. माईक जमिनीपासून दीड मीटरवर, मॉनिटर तुमच्यापासून सव्वा मीटर पुढे. माईकपासून मॉनिटरकडे रेघ ओढली तर ती आडव्या रेषेच्या साधारण ५० अंश खाली जाते. तुम्ही माईक आडवा धरता. सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा अशा वेळी पुढच्या बाजूला ५४ अंश खाली येते. मॉनिटर जवळपास तिथेच आहे! तोच ५८ तुम्ही आडवा धरलात तर त्याची बहिरी जागा समोरच्या प्रेक्षकांकडे, आणि मॉनिटरला तो बऱ्यापैकी ऐकतोय.

उलट कुणी माईक ४५ अंश तिरका, तोंड वर करून धरत असेल, तर त्याची शेपटी खाली मॉनिटरकडे वळते. त्याला कार्डिऑइड उत्तम, आणि सुपरकार्डिऑइड दिला तर तो शिट्टी मारेल, कारण आता मॉनिटर त्याच्या मागच्या कानात.

म्हणून मी माईक सुचवण्याआधी माणूस तो धरतो कसा ते बघतो. तुम्ही सांगितलं त्यावरून सुपरकार्डिऑइड. फक्त ती मूठ सोडा, त्याबद्दल संध्याकाळी लिहितो. गडकरी रंगायतनला लाइन चेक (कार्यक्रमाआधीची वायरी-माईकची तपासणी) आहे.

निवांत_नौपाडा

दंडवत घ्या. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तलावपाळी

मी आपला ५८ म्हणून मोकळा झालो होतो. पण एक शंका. हे सगळं कागदावर ठीक. पबमध्ये छत डोक्याला लागेल एवढं खाली, मागे काच, बाजूला टाइल्स. आवाज चारही बाजूंनी परत येतो. तिथे हे अंश-बिंश कितपत टिकतात?

मिक्सरमागचा

रास्त शंका. पूर्ण टिकत नाहीत. कारखानदार जो आलेख छापतो तो मोकळ्या, प्रतिध्वनी नसलेल्या खोलीतला. शिवाय पॅटर्न सगळ्या पट्टीत सारखा नसतो, खालच्या फ्रिक्वेन्सीला तो ढिला पडतो. पण शिट्टीची पहिली वाट मॉनिटर ते माईक हीच असते. ती मोडली की मॉनिटर थोडा तरी वर नेता येतो, आणि छोट्या स्टेजवर थोडंही खूप असतं.

आता मूठ. माईकच्या जाळीखाली, कॅप्सूलच्या (आवाज पकडणाऱ्या भागाच्या) मागच्या बाजूला, हवेला आत यायला फटी असतात. मागून आलेला आवाज दोन वाटांनी पडद्यावर पोहोचतो आणि स्वतःलाच मारतो. दिशा ओळखण्याची सगळी करामत एवढीच. जाळी मुठीत घेतली की ती मागची वाट बंद. मग कार्डिऑइड असो की सुपर, तो चहूकडून ऐकायला लागतो. तुम्ही १५ हजारांचा पॅटर्न विकत घ्यायचा आणि हाताने बुजवायचा, असं ते होतं.

भरदार वाटतं कारण मुठीत पोकळी तयार होऊन मधल्या पट्टीला फुगवटा येतो. तुमच्या कानाला मोठं, सभागृहात मात्र नाकात बोलल्यासारखं. आणि शिट्टी नेमकी स्क्रीमच्या वेळी येते ना? तेव्हाच मूठ असते.

खरा भरदारपणा हवा तर ओठ टेकवा. दिशा ओळखणाऱ्या माईकमध्ये तोंड जवळ गेलं की खर्ज आपोआप वाढतो. वाढलेला गढूळपणा १०० हर्ट्झच्या लो-कटने (त्याखालचा खर्ज कापणारं बटण) आणि २०० ते २५० च्या आसपास थोडं उतरवून निघतो. ते आमचं काम.

पेटीवाले_काका

अगं पोरी, आमच्या ऑर्केस्ट्राच्या काळात अख्ख्या स्टेजला दोन माईक असायचे. माईक जवळ-लांब करणं ही गायकाचीच जबाबदारी होती. वरचा षड्ज आला की मान मागे, खाली उतरलं की ओठ जवळ. मिक्सरवर बसणाऱ्याला चहा प्यायला वेळ मिळायचा. आताची मुलं एकाच अंतरावर किंचाळतात आणि म्हणतात, कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) लावा.

मिक्सरमागचा

काका, तुमच्या मागे तबला होता, २२ इंची राइड झांज नव्हती. रॉकमध्ये मान मागे नेली की त्या जागेत झांज शिरते. हातभर मागे जाऊन मग ओरडायचं, हे इथे नाही चालत. नेलीच तर दोन-चार बोटं, तीही फक्त सगळ्यात वरच्या किंकाळीला.

पेटीवाले_काका

बरं बाबा. पण भ आणि फ चं काय? ओठ टेकवून 'भ' म्हटलं की सभागृहात फटाका फुटतो. हिची गाणी मराठी आहेत, त्यात भ आणि फ यायचेच.

मिक्सरमागचा

हे मात्र शंभर टक्के. ओठ टेकलेले ठेवा, पण माईक किंचित हनुवटीकडे घ्या, म्हणजे फुंकर जाळीच्या वरून जाईल. लो-कट मदत करतोच. थोडा सराव लागतो, आरशासमोर करा.

गिटारप्रेमी_ऐरोली

कंडेन्सरबद्दल कुणी बोललंच नाही. नॉयमनचा केएमएस १०५ ऐकलाय का कुणी? काय बारीक आवाज पकडतो!

मिक्सरमागचा

ऐकलाय, सुंदर आहे. जॅझ, गझल, शांत स्टेज असेल तर डोळे मिटून घ्या. पण तो बारीक पकडतो म्हणजे झांजेचंही बारीक पकडतो. शिवाय ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (मिक्सरकडून वायरीतूनच येणारी वीज) लागतो. कॉलेजात एक्सएलआर (माईकचा तीन पिनांचा कनेक्टर) ते साधा जॅक अशी वायर खुपसतात, तिथे तो मुकाच राहील. आणि किंमत या धाग्याच्या बजेटच्या कितीतरी पट. आपल्या पावसाळ्याच्या दमटपणात कंडेन्सर कधीकधी करकरतात, ते वेगळंच.

झांजवाला

ऑडिक्सचा ओएम७ राहिला. आमच्या जुन्या गायकाकडे होता. हायपरकार्डिऑइड, म्हणजे सुपरपेक्षाही अरुंद, माझी झांज त्यात खरंच कमी यायची. पण त्याचं आउटपुट कमी, गेन चांगलाच वर न्यावा लागायचा, आणि ओठ जरा हलले की गायक गायब.

(आणि हो, मी तुमच्या बँडमधला नाही. सगळ्या बँडांत ड्रमरशी असंच वागतात.)

निवांत_नौपाडा

घेताना नकलीपासून सावध. ५८ ची नक्कल बाजारात जेवढी फिरते तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या माईकची फिरत असेल. खोका, पाउच, स्टिकर सगळं हुबेहूब. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला होता, निम्म्या किमतीत. हातात घेतल्यावरच हलका लागला. अस्सल ५८ वायरशिवाय २९८ ग्रॅम भरतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाका. वजन जुळलं म्हणजे अस्सल असं नाही, पण नाही जुळलं तर विषय संपला. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बिल आणि वॉरंटी कार्डासकट. ऐकून घ्यायचा तर धोबी तलाव, काळबादेवीकडे वाद्यांची जुनी दुकानं आहेत, एक फेरी मारा.

तलावपाळी

आणि स्विचवाला घेऊ नका. ५८ चा स्विचवाला प्रकारही मिळतो. उड्या मारताना अंगठा लागला की मधलं कडवं गुल.

घसाफोड

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

मित्रमंडळींकडून एसएम५८, बीटा ५८ए आणि ई९४५ एका रविवारसाठी मागून आणलेत. गाळ्यात आमचाच मिक्सर, एक मॉनिटर समोर. कशी तुलना करू? नुसतं एकामागून एक लावून गायचं का?

मिक्सरमागचा

नाही! इथेच सगळे फसतात. एकाच गेनवर तीन माईक लावले की बीटा आणि ई९४५ हे ५८ पेक्षा थोडे मोठे वाजणार, कारण त्यांचं आउटपुट मुळातच जास्त आहे. कान मोठ्या आवाजाला 'चांगला' म्हणतो. दुकानातही हेच होतं. म्हणून प्रत्येक माईकवर एकच ओळ एकाच जोरात गा, मिक्सरवरचा मीटर सारखा येईपर्यंत गेन जुळवा, इक्यू (खर्ज-टीप कमीजास्त करणारे नॉब) सपाट ठेवा.

मग तीन गोष्टी बघा. एक, मॉनिटर हळूहळू वर न्या, शिट्टी कुठे सुरू होते तिथे फेडरला (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) टेप लावून खूण करा. दोन, तुम्ही गप्प उभ्या राहा, ड्रमर वाजवू दे, चॅनल रेकॉर्ड करा. झांज किती येते ते कळेल. तीन, एकच गाणं पूर्ण गा, आणि ऐकताना कुठला माईक ते बघू नका. दुसऱ्या कुणालातरी फाइलींची नावं बदलायला सांगा.

आणि कानात काहीतरी घाला. पत्र्याच्या गाळ्यात ड्रमच्या शेजारी तासन् तास उभं राहणं माईकपेक्षा महाग पडतं.

घसाफोड

झाली चाचणी! अहवाल देते.

आडवा धरून, मूठ न करता: ५८ ची टेप सगळ्यात खाली, बीटा आणि ई९४५ दोन्ही त्याच्या बोटभर वर. मग गंमत म्हणून माईक तिरका धरला. ५८ ची खूण वर सरकली आणि बीटा लगेच शिट्टी मारायला लागला. अगदी तुम्ही लिहिलंत तसं. आमचा बेसिस्ट तोवर हसत होता, मग कोनमापक शोधायला लागला.

मूठ केल्यावर तिन्ही एकाच माळेचे मणी. मूठ सुटेल का माहीत नाही, पण करंगळी आणि अनामिका माईकच्या शेपटाकडे नेली की हात आपोआप खाली राहतो, असं आढळलं.

झांजांचं म्हणाल तर ड्रमरच्या रेषेत उभी असताना तिन्हींमध्ये झांजा झणझणीत. डावीकडे सरकले तेव्हा कुठे फरक पडला, आणि तो कुठल्याही दोन माईकमधल्या फरकापेक्षा जास्त होता!

आवाजाबद्दल सांगायचं तर बीटाला वरची धार जास्त. शब्द स्वच्छ येतात, पण माझ्या स्क्रीमवर आणि 'च', 'स' वर ती धार टोचते. ५८ जरा झाकलेला वाटला, पण गोड. ई९४५ वर माझा खालचा आवाज भरलेला आणि वरचा न टोचणारा आला. फाइलींची नावं झाकून ऐकल्यावर चौघांपैकी तिघांनी तोच निवडला. ड्रमरने ५८ निवडला.

ई९४५ घेतेय. बजेटच्या वर जातोय, पण वाढदिवस जवळ आलाय, घरच्यांना पटवेन.

तलावपाळी

ड्रमरला कान आहेत हे सिद्ध झालं.

मिक्सरमागचा

अभिनंदन. छान चाचणी केलीत. दोन गोष्टी लक्षात ठेवा. जागेवर पोहोचलात की साऊंडवाल्याला आधीच सांगा, 'माझा माईक सुपरकार्डिऑइड आहे.' दोन मॉनिटर असतील तर मधोमध न ठेवता दोन्ही बाजूंना, थोडे पुढे लावून मागा. एकच असेल तर समोर, पण तुमच्या पायांच्या जवळ. लांब ढकलला की मघाशी काढलेला कोन मोडतो.

दुसरं, स्वतःची वायर बाळगा. दोन्ही टोकांना एक्सएलआर, न्यूट्रिकचे कनेक्टर, १० मीटर. लॅमिंग्टन रोडला सुटा माल घेऊन करून घेतलीत तर उत्तम. चांगल्या माईकचा अर्धा जीव जागेवरच्या सडक्या वायरीत जातो.

गिटारप्रेमी_ऐरोली

वायरलेस घेतला असता तर वायरीचा प्रश्नच नव्हता की.

मिक्सरमागचा

स्वस्तातले बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि पबमध्ये वायफाय, ब्लूटूथ, सगळं तिथेच गर्दी करून असतं. सरावात सुरेख चालतो, हॉल भरला की तुटक तुटक. चांगला वायरलेस घ्यायचा तर बजेटला आणखी एक शून्य जोडा.

घसाफोड

शेवटचा प्रश्न. जाळी धुता येते का? जुन्या माईकांच्या वासाने इतकी धास्तावलेय की हा पहिल्या दिवसापासून नीट ठेवायचाय.

निवांत_नौपाडा

येते, आणि धुवावीच. जाळी फिरवून काढायची. आतला स्पंज हलक्या हाताने काढून कोमट पाण्यात थोडा साबण घालून चोळायचा, जाळीला जुना टूथब्रश. कॅप्सूलला मात्र पाण्याचा थेंब लागता कामा नये, तो भाग उलटा धरून कोरड्या फडक्याने पुसायचा, बस. पावसाळ्यात स्पंज रात्रभर पंख्याखाली ठेवा, ओला परत बसवलात तर तोच कुबट वास परत. आणि पाउचमध्ये सिलिका जेलची पुडी टाका, नव्या चपलांच्या खोक्यात मिळते तीच.

पेटीवाले_काका

जाळी परत लावताना आटे तिरके बसू देऊ नकोस. आधी उलटी फिरव, टक् आवाज आला की मग सुलटी.